परदेशातून : ‘पळणार तू, पैसे आम्ही का द्यायचे?’

जानेवारीतला तिसरा रविवार जवळ आला की मुंबई मॅरेथॉनच्या निमित्ताने धावणाऱ्यांची, एखाद्या सामाजिक संस्थेसाठी देणगी मागणारी आवाहनं व्हॉट्सॲपवर फिरू लागतात आणि पाठोपाठ वादही सुरू होतो. हौस तुझी, मग पैसे आमचे का? द्यायचेच तर संस्थेला थेट देऊ, मध्ये तुझे बेचाळीस किलोमीटर कशाला? आणि दानाचा एवढा गाजावाजा का? इथे ब्रिटनमध्ये हे प्रश्न तोंडावर कुणी विचारत नाही. सहकाऱ्याने लंडन मॅरेथॉनसाठी पैसे मागितले की लोक दहा पौंड देतात, नाहीतर गप्प बसतात. मला घरचा रोखठोकपणा जास्त मोलाचा वाटतो. प्रश्नच येत नाही म्हणून इथली बरीच आवाहनं पोकळ राहतात. सरावाचं वर्णन, गुडघ्याचं दुखणं, धावण्याचं स्वप्न, आणि संस्थेचं नाव कुठेतरी शेवटी.

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर आधी व्यवहार कळायला हवा. लंडन मॅरेथॉन १९८१ साली सुरू झाली आणि १९९३पासून धर्मादाय संस्था आयोजकांकडून शर्यतीतल्या प्रवेशाच्या जागा विकत घेऊ लागल्या. २०२६च्या शर्यतीच्या सोडतीत अकरा लाखांवर अर्ज होते, त्यामुळे अनेकांना संस्थेची जागा हाच प्रवेशाचा मार्ग उरतो. त्या बदल्यात धावणारा साधारण दोन हजार पौंड किंवा त्याहून जास्त जमवण्याचं लेखी वचन देतो. म्हणजे जमलेल्या पैशातून संस्थेने जागेसाठी मोजलेली रक्कम आधी भरून निघते, खरी मदत त्यानंतरची. हे लपवू नये. ‘जागा संस्थेने दिली आहे, नोंदणी, बूट, प्रवास माझ्या खिशातून’ एवढं एक वाक्य पुरतं. सोडतीत स्वतःचा नंबर लागला असेल तर तेही लिहावं, कारण मग संस्थेला जागेचा खर्च नसतो.

दोन हजारांचं गणित आधी कागदावर मांडावं. १०० पौंडांचे दोन, ५०चे दहा, २५चे तीस आणि १०चे पंचावन्न देणगीदार मिळाले तर २,००० होतात. माणसं झाली सत्त्याण्णव. विचारलेल्यांपैकी बरेच जण देणार नाहीत, म्हणून यादी निदान अडीचशे नावांची हवी आणि सुरुवात शर्यतीच्या चार-पाच महिने आधी. इथेच बहुतेकांची फसगत होते: ऑनलाइन देणगीपान उघडतात, दोनशे जणांच्या गटात दुवा टाकतात आणि वाट बघत बसतात. गटातला निरोप कुणालाच उद्देशून नसतो, त्यामुळे उत्तर देणं कुणालाच आपलं काम वाटत नाही. एकेकाला वेगळं लिहावं, त्या माणसाला आपण जसं हाक मारतो तसं. पगाराच्या सुमारास लिहावं: इथे बहुतेकांसाठी महिनाअखेर, तिकडे भारतात एक तारखेनंतर.

पहिल्या आठ-दहा देणग्या जवळच्या आणि सढळ हाताने देणाऱ्या माणसांकडून घ्याव्यात, पान सगळ्यांना पाठवण्याआधी. २०१०च्या लंडन मॅरेथॉनची देणगीपानं तपासून अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. आधीच्या देणग्यांची सरासरी १० पौंडांनी वाढली तर पुढचा माणूस सरासरी अडीच पौंड जास्त देतो, असं त्यात दिसलं. आपण किती द्यावं हे लोक आधीच्या आकड्यांवरून ठरवतात. गुप्तदानाच्या आपल्या आग्रहाला यातूनच वाट निघते. बऱ्याच पानांवर नाव लपवता येतं. नाव खुशाल लपवावं, रक्कम दिसू द्यावी.

समजा हॉस्पिससाठी, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेसाठी, पैसे जमवायचे आहेत. मजकूर असा असावा:

‘काकू, नमस्कार. आपल्या भागातल्या हॉस्पिससाठी मी २,००० पौंड जमवतोय. काकांच्या शेवटच्या आठवड्यांत तिथल्याच नर्स घरी येत होत्या, तुम्हाला आठवत असेल. त्या घरभेटी चालू राहाव्यात म्हणून एप्रिलमध्ये लंडन मॅरेथॉन पळणार आहे. जागा हॉस्पिसने दिली आहे, बाकी खर्च माझा. २५ पौंड देता आले तर मोठी मदत होईल, कमी-जास्त चालेल. ३१ मार्चच्या आत खालच्या दुव्यावर द्यावेत. जमणार नसेल तर अजिबात संकोच नको.’

यात आकडा आहे, तारीख आहे, नकाराला जागा आहे. ‘यथाशक्ती द्या’ म्हटलं की वाचणारा अडखळतो आणि मग विसरतो. ‘२५ पौंडांत एक घरभेट’ असं लिहायचं असेल तर तो आकडा संस्थेकडून लेखी घ्यावा, मनाने ठरवू नये. आणि रुग्णालयातल्या लेकरांचे रडवेले फोटो नकोत. तिकडे भारतात त्यावर घेतला जाणारा आक्षेप रास्त आहे. त्या मुलाने संमती दिलेली नसते.

कराचं वाक्य मात्र दोन देशांत सारखं चालत नाही. ब्रिटनमध्ये देणगीपानावरच्या गिफ्ट एड या सरकारी करयोजनेच्या चौकटीत खूण केली की दर पौंडामागे सरकार संस्थेला २५ पेन्स देते, १० पौंडांचे साडेबारा होतात. बहुतेक संस्था ही भर वचनाच्या रकमेत धरत नाहीत. खूण फक्त इथे पुरेसा कर भरणाऱ्यानेच करावी, नाहीतर फरकाची रक्कम देणगीदाराच्याच अंगावर येते. म्हणून नाशिकच्या मावशीला ‘खूण करायला विसरू नकोस’ असं सांगू नये. रोख पैसे गोळा करून स्वतःच्या कार्डाने एकदम भरले तर त्यावर गिफ्ट एड मागता येत नाही, कारण ते पैसे आपले नसतात. भारतात ८०जी या नावाने ओळखली जाणारी प्राप्तिकरातली सवलत देणाऱ्याला मिळते, त्यासाठी पॅन लागतो आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ती नाहीच, तरीही आवाहनांच्या मथळ्यावर ‘कर वाचवा’ असतंच. ते काढून टाकावं.

भाऊ मुंबईत पळणार आणि बहीण लंडनहून देणगी पाठवणार, हा प्रसंग आता घरोघरी येतो. तिचा पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. संस्था पासपोर्टची प्रत मागते, ती द्यावी. पासपोर्ट ब्रिटिश असेल तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असूनही ती विदेशी देणगी ठरते. अशी देणगी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी नियमन कायद्याखाली, नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते, तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. भावाच्या खात्यात पैसे टाकून त्याच्या नावाने भरण्याची पळवाट कुणाला सुचवू नये. त्यात पावतीवरचा देणगीदारच खोटा ठरतो.

मागण्यात कमीपणा आहे, हे मला पटत नाही. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड हा स्वदेशी उद्योगांसाठीचा निधी उभा केला आणि त्यातून तळेगावचा काच कारखाना निघाला. रक्कम छोटी होती आणि नेमकी होती. गणपतीच्या वर्गणीला पावतीपुस्तक असतं आणि उत्सवानंतर जमाखर्च मागितला जातो. इथल्या आवाहनांत नेमकं हेच राहून जातं: शर्यत झाली की पदकाचा फोटो येतो आणि विषय संपतो. शर्यतीनंतर आठवडाभरात प्रत्येक देणगीदाराला चार ओळी जायला हव्यात. एकूण किती जमले, गिफ्ट एड किती, जागेपोटी संस्थेचे किती गेले, उरलेले कुठे लागणार. शर्यत अर्ध्यात सोडावी लागली असेल तर तेही लिहावं आणि पैसे संस्थेकडेच राहिले आहेत हे सांगावं.