पंचवीस डॉलरची तत्त्वे

जाहिरातींचा आपल्याला तिटकारा आहे असे प्रत्येक जण सांगतो, पण त्यांच्या बदल्यात किंमत थोडी उतरली की तत्त्वांनाही सवलत लागू होते. अमेरिकेत 2011 च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉनने किंडल या ई-पुस्तके वाचायच्या 139 डॉलरच्या यंत्राची जाहिरातवाली आवृत्ती 114 डॉलरना जाहीर केली, तेव्हा जाहिराती बघायच्याच असतील तर यंत्र फुकट द्या, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. त्या जाहिरातींतच वीस डॉलरचे गिफ्ट कार्ड दहा डॉलरना मिळणार असल्याचे कळल्यावर त्यांतल्या काहींचा सूर खाली आला असावा, असा माझा संशय आहे.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरातही याच जातीचे एक वाचनयंत्र आहे. कंपनीचे नाव गुलदस्त्यातच राहू दे. यातली मेख अशी, की पुस्तकाच्या पानावर जाहिरात कधीच येत नाही. ती येते यंत्र झोपल्यावर. म्हणजे जो वाचतो त्याला तिचा उपद्रव नाही, आणि जो वाचत नाही त्याचे बिंग मात्र चारचौघांत फुटते. शिवाय ई-इंकच्या, म्हणजे छापील कागदासारख्या दिसणाऱ्या, पडद्याला चित्र धरून ठेवायला वीज लागत नसल्यामुळे, टेबलावर आठवडाभर पडून असलेले यंत्र आठवडाभर इमानेइतबारे तीच जाहिरात मिरवत राहते.

सासूबाई सांगलीहून राहायला आल्या, त्या आठवड्यात यंत्राच्या पडद्यावर एका प्रणयकादंबरीचा उघडाबंब नायक घोड्याला टेकून उभा होता.

“काय वाचताय हो हल्ली, जावईबापू?”

“मराठ्यांचा इतिहास.”

“हो का? थंडीचे दिवस आहेत, सदरा तरी द्यायचा बिचाऱ्याला!”

दुसऱ्याच दिवशी बायकोने यंत्राला झाकणाचे कव्हर मागवले, आणि त्याची किंमत वाचवलेल्या रकमेहून जास्त भरली. पूर्ण पैसे मोजून बिनजाहिरातीचे यंत्र घेतलेला माझा मित्र यावर पोट धरून हसला खरा, पण घरी आला की “या आठवड्यात कसली ऑफर आहे रे?” असे विचारत कव्हर उघडून बघतो तोच.

वरचे पैसे भरून जाहिराती कायमच्या बंद करून घेण्याची सोय आहे, आणि तसा ठराव आमच्या घरात एकमताने संमतही झाला आहे. त्या रकमेवर काही सूट लागते का, एवढेच मी सध्या रोज सकाळी झाकण उघडून पाहत असतो.