डेंड्रोबियम 'कुठेही येतं' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला चार-पाच ग्रुपवरून आला. जांभळ्या फुलांनी लगडलेल्या कुंडीचा फोटो आणि खाली मजकूर: 'डेंड्रोबियम हे सगळ्यांत सोपं ऑर्किड. घरात कुठेही ठेवा. आठवड्याला बर्फाचे तीन खडे पुरे. पानं गळली की कांड्या बुडापासून कापा. जंगलातलं देशी रोप मिळालं तर ते आणखी चिवट.' हे वाचून लोक हौसेने रोप आणतात, ते वर्षभरात जातं आणि 'माझ्या हाताला ऑर्किड लागतच नाही' म्हणत रिकामी कुंडी माळ्यावर जाते. हाताचा काही दोष नसतो. रोप चुकीचं निवडलेलं असतं. म्हणून त्या मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन लिहिते.

'सगळ्यांत सोपं ऑर्किड.' कुठलं? ओलोफ स्वार्ट्झ या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९९ मध्ये डेंड्रोबियम हे नाव दिलं ते एका अख्ख्या कुळीला. आज तिच्यात दीड हजाराच्या आसपास जाती आहेत. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागातली बिगिबम तिच्यातलीच, हिमालयाच्या उतारांवरची नोबिल तिच्यातलीच आणि न्यू गिनीच्या डोंगरमाथ्यांवर बारा महिने गारव्यात वाढणारी कथबर्टसोनीही. ह्या तिघींना एकच निगा सांगणं म्हणजे आंबा, सफरचंद आणि नारळ एकाच वाफ्यात लावायला सांगणं.

आपल्याकडच्या नर्सरीत मुख्यतः दोन प्रकार मिळतात आणि दोघांवर चिठ्ठी एकच: 'डेंड्रोबियम'. पहिला डेनफाल, म्हणजे बिगिबमच्या वंशातले संकर. लग्नाच्या गुच्छात दिसणारी जांभळी-पांढरी सोनिया ह्यातलीच. फुलांचा लांब दांडा कांडीच्या, म्हणजे जाडसर उभ्या खोडाच्या, शेंड्याकडून निघतो. दुसरा नोबिल. त्याची फुलं अख्ख्या कांडीवर, पेरापेराला, दोन-दोन तीन-तीनच्या झुपक्याने चिकटलेली असतात. घेताना एवढं पाहिलं तरी अर्धं काम झालं.

डेनफालला ऊब आणि दमट हवा लागते. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली रेंगाळलं की ते पानं टाकायला लागतं. मुंबई, रत्नागिरी, पणजी ही त्याची हक्काची ठिकाणं. नोबिलचं उलट. पावसाळ्यात ते भराभर वाढतं, पण कळी धरायला त्याला काही आठवडे थंड रात्री, भरपूर उजेड आणि कोरडी मुळं लागतात. ते मिळालं नाही तर कळीच्या जागी पिल्लं, म्हणजे कांडीवरच नवी छोटी रोपं, फुटतात.

हे मी स्वतः भोगलंय. ठाण्याच्या बाल्कनीत तीन वर्षं एक नोबिल जिवापाड सांभाळलं. सात पिल्लं आली, फूल एकही नाही. शेवटी पुण्याला भावाच्या गच्चीत नेऊन ठेवलं. दसऱ्यानंतर त्याने खत बंद केलं, पाणी अगदी बेताचं ठेवलं आणि डिसेंबरच्या १०-१२ अंशांच्या रात्री त्याला उघड्यावरच काढू दिल्या. जानेवारीच्या शेवटी त्याने फोटो पाठवला: कागदासारख्या वाळक्या आवरणातून, पेरापाशी, मुगाएवढे गोल फुगवटे. पिल्लू येताना कोंब टोकदार असतो आणि लगेच पान दाखवतो. कळीचा फुगवटा गोल आणि गुबगुबीत. तो फोटो मी कितीदा मोठा करून पाहिला असेन! रोप तेच, माणसंही जीव लावणारीच. बदलली ती जागा, आणि थंडीतलं खत-पाणी.

'घरात कुठेही ठेवा.' टीव्हीच्या शेजारी ठेवलेलं डेंड्रोबियम जगेल काही महिने, फुलणार नाही. त्याला सकाळचं कोवळं ऊन आणि दिवसभर लख्ख उजेड हवा. दुपारचं कडक ऊन असेल तर वर हिरवी नेट. पानांचा रंग पाहा. गर्द हिरवी पानं दिसायला छान, पण ती उजेड कमी पडतोय असं सांगतात. पोपटीकडे झुकलेला हिरवा असावा. बाल्कनी उत्तरेची आणि समोर इमारत असेल, तर डेंड्रोबियमचा हट्ट सोडून कमी उजेडावर भागवणारं दुसरं ऑर्किड, फॅलेनॉप्सिस, घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

'बर्फाचे तीन खडे.' हा सल्ला मुळात फॅलेनॉप्सिससाठी निघाला. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणात लावलेल्या, वाढीला लागलेल्या डेंड्रोबियमला तेवढ्याने काय होणार? वाढीच्या दिवसांत कुंडीच्या भोकांतून वाहून जाईल इतकं पाणी द्या आणि मुळं पुन्हा पांढरी-रुपेरी दिसेपर्यंत थांबा. ओली मुळं हिरवट दिसतात.

'पानं गळली की कांड्या कापा.' ह्या वाक्याने सगळ्यांत जास्त रोपं मारली असतील. कांडी ही झाडाची कोठी आहे. पाणी आणि अन्न तिथे साठतं. नोबिलची बरीच फुलं येतात तीच मुळी पानं झडलेल्या कांडीवर. डेनफालची जुनी, उघडी कांडीसुद्धा पुन्हा दांडा टाकते. आमच्या शेजारच्या काकूंनी डिसेंबरात साफसफाई म्हणून नोबिलच्या चार भरलेल्या कांड्या छाटल्या. येणारा सगळा बहर कचऱ्याच्या डब्यात गेला. कांडी पिवळी-तपकिरी होऊन पोकळ लागली तरच कापा. सुरकुतलेली पण टणक असेल तर हात लावू नका.

राहिलं 'जंगलातलं देशी रोप'. ह्याचा मला खरंच राग येतो. सह्याद्रीत बारबॅट्युलम, ओव्हॅटम अशा आपल्या डेंड्रोबियम आहेत. त्यांची मुळं झाडाच्या सालीला घट्ट चिकटलेली असतात. ओरबाडून काढली की तुटतात, आणि फ्लॅटच्या ग्रिलमध्ये ते रोप बहुधा पहिला उन्हाळाही काढत नाही. घाटरस्त्यावर कुणी फांदीसकट विकत असेल तर घेऊ नका. बारबॅट्युलम बघायची तर हिवाळा सरताना घाटात जा. पानं झडलेल्या कांड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस असतात, आणि खालून दुर्बिणीतूनही ते छान दिसतात.