खुलासा : ‘गो’ हे ‘गम्’चं लेकरू नव्हे

‘इंग्रजी गो हे संस्कृत गम् धातूपासून आलं’ असा संदेश फिरतोय. गंमत म्हणजे गम्‌चा खरा भाऊबंद आहे इंग्रजी ‘कम’ (come)! मूळ गकारसदृश ध्वनीचा जर्मानिक भाषांत (इंग्रजी, जर्मन वगैरेंच्या कुळात) ककार झाला. अर्थ मात्र उलटा, एकीकडे जाणं, दुसरीकडे येणं. आणि हेही नातं भावंडांचं; दोघांचा पूर्वज एकच, संस्कृतातून इंग्रजीत उचललेलं काही नाही. ‘गो’चं मूळ निराळंच.

‘वेंट’ हे तर ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप, पुढे ‘गो’ला चिकटलेलं. हसू नका, आपलंही तेच : ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचं, ‘गेला’ मात्र गम्‌चं.