चंचीतलं वेगळं, ट्रंकेतलं वेगळं

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवडाभर एकच दळण चाललंय. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मित्राच्या काकांनी जुना सोफा विकायला ऑनलाइन जाहिरात टाकली होती. समोरच्याने ‘मी लष्करात आहे, बदली झालीय’ म्हणून सांगितलं, घासाघीस अजिबात केली नाही. क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला, हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. काकांनी पिन टाकला. 38 हजार गेले. सोफा अजून घरातच आहे.

एवढ्यावरून ग्रुपचे दोन तट पडले. एक तट म्हणतो, यूपीआयच नको, कोथिंबिरीच्या जुडीला फोन कशाला काढायचा, खिशात नोटा ठेवा. दुसरा म्हणतो, जग कुठं चाललंय आणि तुम्ही कुठं. दोघांनाही साक्षीला मीच हवा. ‘भावा, तुझ्या जर्मनीत अजून रोखच चालते ना? सांग ह्यांना.’ ‘तुझे जर्मन मागास आहेत, मान्य कर.’ अकरा वर्षं श्टुटगार्टजवळ राहतोय मी; पण जर्मनी ‘माझी’ होते ती फक्त असल्या भांडणात.

तर साक्ष. आज सकाळी बेकरीत ब्रोट्शन, म्हणजे इथले छोटे पाव, आणायला गेलो. काउंटरवर ‘नुर बार’ची, म्हणजे ‘फक्त रोख’ची पाटी. चार ब्रोट्शन आणि एक ब्रेत्झलसाठी मी 50 युरोची नोट पुढे केली, तर बाईंच्या कपाळावर अशी आठी उमटली की मीच ओशाळलो. एरवी पहिल्याच वर्षापासून माझ्या खिशात नाण्यांचं पाकीट असतं. कोल्हापुरात असतो तर त्या पाकिटाला मित्रांनी नाव ठेवलं असतं. त्यात नाणी असतात, पफांडच्या, म्हणजे रिकाम्या बाटल्यांच्या अनामतीच्या, चुरगळलेल्या पावत्या असतात आणि एक पाच रुपयांचं नाणं असतं. शनिवारी सुपरमार्केटच्या ट्रॉलीला मी तेच लावतो. चपखल बसतं आणि परतही मिळतं.

ग्रुपवर मी आकडा फेकला: बुंडेसबँकेच्या, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या, 2023 च्या पाहणीत जर्मनीतले 51 टक्के व्यवहार रोखीने झाले. रोखवाल्यांनी अंगठ्यांची रांग लावली. त्याच पाहणीत रकमेने मोजलं तर रोखीचा वाटा 26 टक्केच आहे, म्हणजे लोक ब्रोट्शन रोखीने घेतात आणि कपाट कार्डाने. ते काही मी लिहिलं नाही. वाद रंगात आला होता.

पण मला खरा राग येतो तो ह्याचा, की काकांचं काय झालं ते कुणी नीट वाचतच नाही. काका काही विकत घेत नव्हते. ते पैसे घेणार होते, आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे सोडायची सही. पैसे येणार म्हणून कुणी सही मागायला लागला की तिथंच ‘खटक्यावर बोट’ ठेवून फोन बंद करायचा. ह्यात कोथिंबिरीच्या जुडीचा काय दोष? आणि पैसे गेल्यावर काकांनी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन कधी केला? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चारचौघांत चर्चा झाल्यावर. चर्चेत आपण पहिल्यापासून भारी.

रोखवाल्यांनी माझीही एक गोष्ट ऐकावी. मागे एकदा इथं रेल्वेत पाकीट विसरलो. 180 युरो, दोन कार्डं, आउसवाइस म्हणजे ओळखपत्र. 116 116 ला फोन केला आणि कार्डं तिथल्या तिथं बंद झाली. पाच दिवसांनी पाकीट परत मिळालं, जर्मन टापटिपीनं, कार्डं जिथल्या तिथं. नोटा तेवढ्या नव्हत्या. नोटा बंद करायला कुठला नंबर आहे सांगा.

माझी आज्जी कसबा बावड्याची. कपिलतीर्थला भाजीला निघाली की कमरेला चंची असायची. त्यात पानसुपारी आणि त्या दिवशीच्या बाजारापुरते पैसे. बाकीचे ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत, आणि ट्रंकेची किल्ली कुठं ते आजोबांनाही ठाऊक नव्हतं. ‘चंचीतलं गेलं तर कालवण जातंय, ट्रंकेतलं गेलं तर घर जातंय,’ म्हणायची. बाजारातून फिरताना किती पैसे धोक्यात घालायचे, हे ती घरातून निघण्याआधीच ठरवून मोकळी व्हायची.

आम्ही इंजिनिअर झालो आणि ट्रंकच कमरेला बांधून हिंडायला लागलो. ज्या खात्यात पगार येतो, ज्याला एफडी जोडलीय, तेच खातं वडापावच्या कोडाला लावायचं आणि मग चोराच्या नावाने बोंब ठोकायची! एक वेगळं खातं काढा, त्यात दोन-चार हजार टाका, यूपीआयला तेवढंच जोडा. नाहीतर यूपीआय लाइट आहेच. त्यात जास्तीत जास्त 5000 रुपये राहतात, एका वेळी 1000 पर्यंत जातात, पिन लागत नाही. म्हणजे महाद्वार रोडच्या गर्दीत मागचा माणूस मानेवरून डोकावत असताना पिन टाकायची वेळच येत नाही. फोनला कुलूप मात्र पाहिजे. चंचीला नाडी असते तसं. कार्ड टेकवून पैसे देण्याचंही तेच. इथं 50 युरोपर्यंत पिन विचारत नाहीत, तिकडं 5000 रुपयांपर्यंत; हिशेबाने जवळपास एकच रक्कम. इथं लागोपाठ काही वेळा टेकवलं की मशीन मधेच पिन मागतं. मला ते आवडतं. आज्जीही अधूनमधून चंची चाचपायची.

आणि विकणाऱ्याची बाजू ह्या ग्रुपवर कुणाच्या गावीही नाही. जुलै 2025 मध्ये बंगळुरात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि रातोरात ‘नो यूपीआय, ओन्ली कॅश’च्या पाट्या लागल्या. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, तरी भाजीवाले धास्तावले. निपाणीच्या अलीकडं ती धास्ती पोचायला कितीसा वेळ! शिवाय गिऱ्हाईक खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जातं, रात्रीत कुणी कोडावर दुसराच कोड चिकटवून जातं. आमच्या गल्लीतली भाजीवाली मावशी दुकान आवरताना कोडाची पाटी आधी पिशवीत घालते, मग तराजू. आपल्या बाजूने एवढंच करायचं असतं, की पैसे सोडण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचायचं. 30 जून 2025 पासून तिथं बँकेतलं नाव दिसायला हवं असा नियम आहे. नाव वाचून मावशीला विचारलं तर ती रागावत नाही. उलट सांगते, ‘ते आमच्या पोराचं हाय.’

इतका शहाणपणा मी श्टुटगार्टहून पाजळतो. आता गेल्या डिसेंबरचं सांगतो, जे ग्रुपवर नाही.

गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो होतो. म्हैस समोर, धार समोर, पेल्याला फेस. लहानपणी वडिलांबरोबर तालमीतून परतताना प्यायचो, तसं एका दमात प्यायलो. 40 रुपये झाले. माझं भारतातलं सिम रिचार्जअभावी केव्हाच बंद पडलेलं, त्यामुळे अॅप नाही. 2023 मध्ये परदेशी नंबरांवर यूपीआयची मुभा दिली ती दहा देशांना, त्यात जर्मनी नव्हतं. खिशात पाचशेच्या नोटा आणि ते नाण्यांचं पाकीट. ते उघडलं तर वीस सेंटची पितळी नाणी.

‘सुट्टं न्हाई पाव्हणं,’ म्हैसवाला म्हणाला, ‘स्कॅन करा की.’

मी सगळी कहाणी सांगायला लागलो. सिम, नंबर, जर्मनी. त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पेला भरता भरता हात हलवला. ‘ऱ्हाऊ द्या. उद्या द्या.’

त्याच रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई, तिथून विमान. पण गाडीत बसेपर्यंत मी हवेत होतो. अकरा वर्षं झाली तरी आपल्याला अजून उधार मिळतं! माझ्या जर्मन गावातल्या त्या बेकरीत दर रविवारी जातो. दहा सेंट कमी पडले तर बाई ब्रेत्झल परत ठेवतील. धाकट्या भावाला बजावून सांगितलं, 40 रुपये नेऊन दे, आणि माझं नाव सांग.

तो चार दिवसांनी गेला. नाव सांगितलं, स्कॅन केलं, डबीतून बाई बोलली, चाळीस रुपये प्राप्त झाले. म्हैसवाल्यानं डबीकडं बघितलं, भावाकडं बघितलं.

‘असं रोज धा जण जात्यात,’ म्हणाला. ‘तुमी कुणाचं दिलं?’