सीआयएसएसपी ‘पास झालो पण सर्टिफिकेट नाही’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सीआयएसएसपी या सायबर सुरक्षेच्या सर्टिफिकेटची परीक्षा पास होऊनही ते हातात नाही, आम्ही डम्प (म्हणजे परीक्षेतून बाहेर फुटलेले प्रश्न) दिले नाहीत, आणि पूर्ण फी परत हवी.

पहिल्या तक्रारीत आमची चूक आहे. कोर्सच्या जाहिरातीत ‘सर्टिफिकेशन’ मोठ्या अक्षरात होतं आणि अनुभवाची अट तळाशी बारीक अक्षरात. प्रवेश देतानाच ती तोंडी सांगून अर्जावर सही घ्यायला हवी होती. आता ती फीच्या आकड्याच्या वर छापली आहे.

अट आमची नाही, हे सर्टिफिकेट देणाऱ्या आयएससी-टू या संस्थेची आहे. परीक्षेचे आठ डोमेन, म्हणजे विषय-विभाग आहेत; त्यांपैकी किमान दोनमध्ये मिळून ५ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. परीक्षा सेंटरवर मिळालेला कागद पुन्हा बघा, निकाल ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरता आहे. तुम्ही रिव्ह्यूत बी.ई. कम्प्युटर आणि एसओसीतली (सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या विभागातली) ३ वर्षं असं लिहिलंय. डिग्रीची १ वर्ष सूट धरली तर ४ होतात, एक वर्ष कमी पडतं. सिक्युरिटी प्लस हे दुसरं सर्टिफिकेट केलं की तेही भरून निघेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. डिग्री असो वा दुसरं सर्टिफिकेट, सूट एकूण एकाच वर्षाची.

खरी अडचण वेगळीच येऊ शकते. एसओसीत अलर्ट बघणं, तिकिटं बंद करणं हे सगळं सातव्या डोमेनमध्ये, म्हणजे सिक्युरिटी ऑपरेशन्समध्ये जातं. दुसरं डोमेन कुठून दाखवणार? दर तिमाहीला युजर अ‍ॅक्सेस रिव्ह्यू केला असेल तर पाचवं, फायरवॉलचे रूल बदलले असतील तर चौथं, व्हल्नरेबिलिटी स्कॅन चालवून रिपोर्ट दिला असेल तर सहावं. कंपनीच्या पत्रात नुसतं ‘सिक्युरिटी अ‍ॅनालिस्ट, ३ वर्षं’ असेल आणि अर्ज ऑडिटला निघाला, तर अडकाल. लेटरहेडवर रुजू झाल्याचा आणि सोडल्याचा महिना आणि ही कामं नावानिशी लिहून घ्या. नोकरी बदलणार असाल तर आधीच घ्या, नंतर एचआर दाद देत नाही. फुल टाइम म्हणजे आठवड्याला किमान ३५ तास. पार्ट टाइमचे २,०८० तास झाले की एक वर्ष धरतात.

आज करायचं ते एवढंच: परीक्षेपासून ९ महिन्यांच्या आत ‘असोसिएट ऑफ आयएससी-टू’ व्हा; पास झालेल्या पण अनुभव कमी असलेल्यांसाठीचा हा दर्जा आहे. मग उरलेलं वर्ष भरायला ६ वर्षं मिळतात. त्यानंतर एन्डॉर्समेंट, म्हणजे तुमच्या अनुभवाला सर्टिफाइड व्यक्तीचा दुजोरा लागतो. ओळखीत असं कुणी नसेल तर आयएससी-टू स्वतः ते करते. तोवर बायोडेटात ‘सीआयएसएसपी असोसिएट’ लिहू नका, ते नियमाबाहेर आहे. फक्त ‘असोसिएट ऑफ आयएससी-टू’ असंच लिहायचं. मधल्या काळात एसएससीपी ही आयएससी-टूचीच सोपी परीक्षा देण्यात अर्थ नाही. त्याला १ वर्षाचा अनुभव पुरतो हे खरं, पण तुम्ही याहून अवघड पेपर आधीच काढलाय, मग पुन्हा डॉलरमध्ये फी कशाला?

डम्पबद्दल मात्र माफी नाही. परीक्षेतले प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार स्वीकारूनच पेपर उघडतो, आणि डम्प वापरल्याचं कळलं तर निकाल रद्द होतो. शिवाय टेलिग्रामवर फिरणाऱ्या कित्येक पीडीएफच्या पहिल्याच पानावर ‘१२५ ते १७५ प्रश्न, ४ तास’ असतं. एप्रिल २०२४ पासून परीक्षा १०० ते १५० प्रश्नांची आणि ३ तासांची आहे, म्हणजे माल कधीचा ते कळलंच. पेपर अ‍ॅडॅप्टिव्ह असतो: तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरतो, मागे जाता येत नाही. पाठांतर ‘पहिल्यांदा काय कराल’ छापाच्या प्रश्नावर घसरतं, कारण तिथे चारही पर्याय बरोबर असतात आणि विचारलेला असतो क्रम.

फी पूर्ण परत देणार नाही. शिकवणी पूर्ण झाली आणि तुम्ही पासही झालात. परीक्षेचे ७४९ डॉलर थेट आयएससी-टूकडे गेले, ते आमच्याकडे आलेच नाहीत. पण अट आधी नीट सांगितली नाही म्हणून असोसिएटची पहिल्या वर्षाची ५० डॉलर फी आम्ही भरू, आणि एन्डॉर्समेंटचा अर्ज विनामूल्य तपासून देऊ. अनुभवाच्या पत्राचा मसुदा आणि सेंटरचा कागद घेऊन ऑफिसला या, कोणतं काम कोणत्या डोमेनमध्ये बसतं ते बसून लावू.

– संचालक