पाच दिवसांत बरी झाली, पण गोळीनेच का?

मांजरांच्या लघवीच्या त्रासावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तक्रारी तीन: मी लोकांना घाबरवतो, तुमची चार वर्षांची मांजर अँटिबायोटिकने पाच दिवसांत ठणठणीत झाली, तरी मी त्या औषधावर शंका घेतो, आणि लघवीचा त्रास दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठा, हा सल्ला अतिरेकी आहे.

शेवटचं आधी. तुमच्याकडे मांजरी आहे. बोका असता तर हेच लिहिलं असतंत का? बोक्याची मूत्रनलिका टोकाकडे फारच अरुंद असते. तिथे चिकट स्राव आणि स्फटिक मिळून बूच बसलं की लघवी तुंबते. मूत्राशय हाताला टणक लागतं, मूत्रपिंडांचं काम ढेपाळतं, रक्तात पोटॅशियम चढत जातं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पूर्ण अडलेला बोका दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो. म्हणून सारखं ट्रेमध्ये जाऊन बसणं, कुंथणं, ओरडणं, मागची जागा चाटत राहणं आणि वाळू मात्र कोरडीच, असं दिसलं तर रात्र असली तरी निघायचं. हे बद्धकोष्ठ वाटतं, मलाही एकदा वाटलं होतं. दवाखान्यात भूल देऊन नळी घालतात, सलाईन लावतात आणि बहुधा ठेवूनही घेतात, कारण नळी काढल्यावर पुन्हा अडू शकतं.

आता अँटिबायोटिक. दहा वर्षांखालच्या मांजरांत जंतुसंसर्ग हे कारण क्वचितच निघतं. बहुतेकदा मूत्राशयाला नुसती सूज असते, जंतू सापडतच नाहीत. याला इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात आणि ताणाशी त्याचं जवळचं नातं आहे: नवं मांजर, बदललेलं घर, अस्वच्छ ट्रे. यातली बरीच मांजरं आठवडाभरात आपोआप शांत होतात, गोळी द्या अगर न द्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तसं हे. तुमच्या मांजरीला जंतू नव्हतेच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण लघवीचं कल्चर, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ही तपासणी, केलं नव्हतं हे तुम्हीच लिहिलंय. म्हातारं मांजर, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे संसर्ग खरोखर आढळतो. मूत्राशयातल्या खड्यांचंही असंच: स्ट्रुव्हाइटचे खडे खास आहाराने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे नाही. अंदाजाने औषध सुरू केलं तर हा फरक कळणार कसा?

घाबरवण्याबद्दल मात्र अर्धं मान्य. लेखात संसर्ग क्वचित असतो म्हणायचं आणि शीर्षकात ‘युरिन इन्फेक्शन’ लिहायचं, हा घोळ माझाच. आज शीर्षक बदललंय.

आणि एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: दुखू नये म्हणून पॅरासिटामॉलचा पाव तुकडा दिला. कृपा करून पुन्हा देऊ नका. मांजराच्या यकृताला हे औषध नीट निकामी करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, धाप लागते. एवढाही तुकडा जीव घेऊ शकतो. तुमची मांजरी वाचली याचा आनंदच आहे. प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे, फक्त त्या वाक्याखाली ठळक अक्षरांत इशारा टाकलाय.