धाब्याचे घर, फ्लॅट आणि दुसरी मांजर : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय नाना,
सप्रेम नमस्कार.

घरात आधीची मांजर असताना दुसरी आणायची झाल्यास दोघींना सुरुवातीला वेगळ्या खोल्यांत ठेवावे, या माझ्या लेखावर आपण अमळनेरहून सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया पाठवलीत. आपले म्हणणे थोडक्यात असे : खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या मांजरी पाळल्या गेल्या, त्यांना कोणी कोंडले नाही, दोघींना एकत्र सोडले की चार दिवस फिस्कारतात आणि मग आपसांत ठरवून घेतात, आपल्या नातेवाइकांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये पाच-सहा मांजरी गुण्यागोविंदाने राहतात, फडक्याने वास पोहोचवणे हा उताऱ्यासारखा प्रकार वाटतो, आणि दोन खोल्यांच्या घरात, तेही मे महिन्यात, एक खोली मांजरीसाठी अडवणे कोणाला परवडणार? शेवटी, नवी सून आली म्हणून तिला कोणी खोलीत कोंडत नाही, असा टोलाही आपण लगावला आहे. यांपैकी खोलीचा आणि उन्हाचा आक्षेप मला मान्य आहे. बाकीच्यांबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे आणि ते नीट मांडणे मला आवश्यक वाटते.

आधी जिनिंगच्या मांजरी घेऊ, कारण आपला सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. अशा ठिकाणी एकत्र दिसणाऱ्या मांजरी बहुधा एकमेकींना परक्या नसतात. एक आई, तिच्या मुली, त्या मुलींची पिल्ले, असे ते कुटुंब असते. सरकीच्या ढिगाला आणि गोदामाला उंदरांची कमतरता नसल्यामुळे अन्नावरून भांडण्याचे कारण उरत नाही, आणि जन्मापासून एकमेकींचा वास ओळखीचा असल्यामुळे त्या एकत्र नांदतात. बोके वयात आले की बहुधा तिथून निघून जातात. त्याच आवारात बाहेरची एखादी मांजर शिरली तर तिचे काय होते, हे तिथल्या रखवालदाराला विचारून पाहावे. अशा मांजरीला सगळ्या मिळून हाकलतात, हे मांजरांच्या वसाहतींचे निरीक्षण करणाऱ्यांनी ठिकठिकाणी नोंदवले आहे. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातले रानमांजर हा एकट्याने शिकार करणारा प्राणी आहे. लांडग्यासारखी टोळी आणि टोळीतली उतरंड त्याच्या स्वभावात नाही. त्यामुळे दोन परक्या मांजरी आपसांत ‘ठरवून’ घेतात असे जे आपल्याला वाटते, तो पुष्कळदा एकीने दुसरीच्या वाटेतून कायमचे बाजूला होण्याचा प्रकार असतो.

जुन्या घरांत हे बाजूला होणे शक्य होते, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा हाच आहे. आपण ज्या घरांची आठवण काढता त्यांना धाबे, म्हणजे मातीचे सपाट छत होते, मागे परसू होता, गोठा होता, कडब्याची गंजी होती, आणि एकाच्या धाब्यावरून दुसऱ्याच्या धाब्यावर मांजर सबंध गल्ली ओलांडून जाऊ शकत होती. नवी आलेली मांजर आवडली नाही तर जुनी मांजर चार घरे पलीकडे जाऊन बसे आणि भाकरीच्या वेळेला परत येई. कधी ती परत येतच नसे, आणि ‘मांजर गेली’ एवढेच म्हणून आपण तो विषय सोडून देत असू. म्हणजे त्या काळी मांजरींना वेगळे ठेवण्याची गरज नव्हती असे नाही. ते काम घराची रचनाच करत होती. जळगावच्या किंवा धुळ्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, गॅलरीला जाळी आणि दाराला सेफ्टी डोअर असताना, पळून जाण्याची ती सोय आपण काढून घेतलेली असते. ती काढून घेतल्यावर तिच्या जागी दुसरी काही सोय देणे भाग आहे, आणि बंद खोली ही तीच सोय आहे. तिला कोंडणे म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आता वासाचे. मांजरीच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर आणि शेपटीच्या मुळाशी गंधग्रंथी असतात. ती दाराच्या चौकटीला किंवा आपल्या पोटरीला गाल घासते तेव्हा तिथे स्वतःची खूण ठेवत असते. एकत्र राहणाऱ्या मांजरी एकमेकींना अंग घासून एक सामाईक वास तयार करतात, आणि तो ज्याच्या अंगाला नाही तो परका. टाळूजवळ वास टिपणारे एक वेगळे इंद्रिय तिला असते. काही हुंगल्यावर ती तोंड अर्धवट उघडे ठेवून थिजल्यासारखी उभी राहते ते त्यामुळेच. एका मांजरीच्या गालावरून फिरवलेले सुती फडके दुसरीच्या जेवणाच्या ताटलीजवळ ठेवायचे, ते हुंगून ती शांतपणे खाऊ लागली की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघींची ताटे ठेवायची आणि ती हळूहळू जवळ सरकवायची, यात उताऱ्याचा काही संबंध नाही. आपल्याच उदाहरणाचा आधार घ्यायचा तर सून घरात येण्याआधी दोन्हीकडची बोलणी झालेली असतात; मांजरीच्या बाबतीत ती बोलणी वासाने करावी लागतात, इतकेच.

वेगळे ठेवण्याचे दुसरे कारण रोगाचे आहे आणि ते माझ्या मते अधिक गंभीर आहे. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य रोग लस न घेतलेल्या पिल्लांना फार झपाट्याने मारतो, त्याचा विषाणू घरातल्या वस्तूंवर वर्षभरदेखील टिकू शकतो, आणि संसर्ग झालेले पिल्लू पहिले काही दिवस अगदी ठणठणीत दिसू शकते. म्हणून नव्या मांजरीला किमान दोन आठवडे वेगळे ठेवावे आणि तिची भांडी व शी-लघवीसाठीचे माती भरलेले घमेले वेगळे असावे. नायटा आणि पिसवा याही गोष्टी या काळात उघड होतात. तालुक्याच्या ठिकाणच्या दवाखान्यांत बहुतेक कामकाज गुराढोरांचे असते, त्यामुळे मांजरीची लस उपलब्ध आहे का, हे आधी फोन करून विचारलेले बरे.

‘चार दिवसांनी गप्प होतात’ या वाक्याशी मी थोडा अधिक थांबतो, कारण मांजर पाळणाऱ्या पुष्कळांची फसगत इथेच होते. फिस्कारणे आणि गुरगुरणे ही तशी प्रामाणिक भाषा आहे. त्यातून अंतर ठेवले जाते आणि मारामारी टळते. खरा त्रास आवाज न करता दिला जातो. एक मांजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नुसती पसरून बसते, दुसरीकडे एकटक बघते, आणि दुसरी मांजर पाण्याकडे किंवा घमेल्याकडे जायचे टाळते. घरच्यांना वाटते, आता जमले. मग ती गादीवर लघवी करू लागते, लपून राहते, खाणे सोडते. मांजरीने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर तिच्या यकृतावर परिणाम होऊ शकतो. बोक्याच्या बाबतीत तर अशा ताणातून मूत्रमार्ग अडण्याचा धोका असतो. तो घमेल्यात वारंवार बसून कुंथतो आहे आणि लघवी होत नाही असे दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, सकाळची वाट पाहू नये. मार्ग अडवला जाऊ नये म्हणूनच दोन मांजरींना तीन घमेली, तीही एका ओळीत न ठेवता वेगवेगळ्या कोपऱ्यांत, असे मी लिहिले होते. त्याला आपण थाटमाट म्हटले आहे, पण घमेल्यात नदीची वाळू किंवा लाकडाचा भुसा चालतो.

आता मान्य असलेला आक्षेप. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि घरातला एकच कूलर एकाच खोलीत असतो; अशा वेळी पत्र्याच्या खोलीत मांजर बंद करून ठेवणे क्रूरपणाचे ठरेल. मांजरीला घाम जवळजवळ फक्त पंजाच्या गाद्यांना येतो, आणि ती तोंड उघडून धापा टाकू लागली तर प्रकरण हाताबाहेर चालले आहे असे समजावे. त्यामुळे शक्य असेल तर दुसरी मांजर उन्हाळ्यात आणूच नये. आणावीच लागली तर दिवसा न्हाणी ही घरातली सर्वांत गार जागा असते. तिथे नव्या मांजरीला पाणी, घमेले आणि लपायला खोके देऊन ठेवता येते, आणि घरच्यांच्या आंघोळीपुरते तिला पिंजऱ्यात हलवता येते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीकडे दोनच खोल्या आहेत. तिने मधल्या दाराला खाली घट्ट जाळी ठोकली, जाळीवर जुने लुगडे सोडले आणि ते रोज थोडे थोडे वर घेतले. तिच्याकडचा बोका आणि नवी भाटी एकमेकांना चाटत वगैरे नाहीत, पण एकाच खोलीत पाठ करून झोपतात. दोन मांजरींकडून इतकी अपेक्षा पुरेशी आहे, असे माझे मत आहे.

दिवाळीला आपली नात शेतातल्या घरून पिल्लू आणणार आहे असे आपण लिहिले आहे, म्हणून त्यापुरते सांगतो. पिल्लू दोन महिन्यांच्या आत आईपासून तोडू नये. आठव्या आठवड्यानंतर ट्रायकॅट नावाने मिळणारी, वर सांगितलेल्या पॅनल्यूकोपेनियापासूनही वाचवणारी लस द्यावी, तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी, आणि तीन महिने झाल्यावर रेबीजची लस द्यावी. आपल्या जुन्या बोक्याची नसबंदी झालेली नसेल तर ती आधी उरकून घ्यावी, आणि त्यानंतरही त्याच्या स्वभावात फरक पडायला काही आठवडे द्यावेत. पहिल्या भेटीत पिल्लाला कोणी हातात धरून बोक्यासमोर नेऊ नये. नातीला हे आधीच बजावून ठेवावे, कारण मुलांना तोच मोह होतो. प्रत्यक्ष जुंपलीच तर मध्ये हात न घालता पुठ्ठा किंवा उशी आडवी धरावी, दोघांना वेगळे करावे आणि पुन्हा बंद दारापासून सुरुवात करावी. चावा किंवा ओरखडा लागला तर जखम १५ मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

आणि पिल्लू निघण्यापूर्वी शेतातल्या घरी फोन करून, त्याची आई ज्या पोत्यावर किंवा गोधडीवर झोपते त्याचा एक तुकडा न धुता सोबत पाठवायला सांगावे.

आपला स्नेहांकित